डॉ. एडिथ पीची : पडद्याआडच्या रुग्णांची डॉक्टर

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ, आझाद मैदानाला लागून, कामा रुग्णालयाची जुनी इमारत आहे. तुमच्यापैकी काहींचा जन्मही तेथे झाला असेल. १८८६ साली हे रुग्णालय सुरू झाले तेव्हा त्याचा कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती होता आणि त्यांच्या प्रमुख होत्या डॉ. एडिथ पीची. इंग्लंडहून आलेल्या या बाईंचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. आपल्या घरांत मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्या शहरातील पर्दानशीन स्त्रियांच्या नाडीवर त्यांनी हात ठेवला, त्या शहराशी नाते सांगणाऱ्यांनी तरी त्यांची ओळख करून घ्यावी, म्हणून हा लेख.

एडिथ यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८४५ रोजी इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील लँगहॅम या गावी झाला. वडील विल्यम पीची हे ख्रिस्ती धर्मातील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. त्यांनी एडिनबरो विद्यापीठातून धर्मशास्त्राची पदवी घेतली होती. आई सारा या एका वकिलाच्या कन्या. त्या काळी मुलींना सहसा न शिकवली जाणारी ग्रीक भाषा त्यांना येत होती. एडिथ यांचे शिक्षण घरीच, या दोघांच्या हाताखाली झाले. धर्मोपदेशकाच्या घरी पैसा बेताचा आणि पुस्तके पुष्कळ असतात, हे मला कोणी सांगायला नको. मोठेपणी एडिथ यांनी शिक्षिकेचे काम धरले. सधन कुटुंबात राहून तेथील मुलांना शिकवणे, हा त्या देशातील सुशिक्षित पण निर्धन मुलीला खुला असलेला जवळजवळ एकमेव प्रतिष्ठित मार्ग होता. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत त्या हेच काम करीत होत्या.

त्या वेळी इंग्लंडमध्ये स्त्रीने डॉक्टर होणे म्हणजे काय होते, हे आधी समजून घ्यावे लागेल. १८५८ साली तेथे एक कायदा झाला आणि नोंदणी झालेल्यालाच अधिकृत डॉक्टर मानले जाऊ लागले. पुढच्या दहा-अकरा वर्षांत या नोंदवहीत अवघ्या दोन स्त्रियांची नावे चढली. पहिल्या एलिझाबेथ ब्लॅकवेल. त्यांनी अमेरिकेत पदवी घेतली होती आणि कायदा होण्यापूर्वीच इंग्लंडमध्ये रुग्ण तपासले होते, म्हणून त्यांची नोंद झाली. दुसऱ्या एलिझाबेथ गॅरेट. औषधविक्रेत्यांच्या एका जुन्या संस्थेच्या नियमांत स्त्रीला मनाई लिहायची राहून गेली होती. त्या फटीतून १८६५ साली त्या आत शिरल्या. संस्थेने लगेच नियम बदलून ती फटही बुजवली. परदेशी पदवी चालत नव्हती आणि देशातील कोणतेही विद्यापीठ स्त्रीला घेत नव्हते. दार एकच आणि तेही बंद, अशी ही अवस्था होती.

१८६९ च्या वसंतात सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या जिद्दी बाईंनी एडिनबरो विद्यापीठाकडे वैद्यकाच्या प्रवेशासाठी अर्ज केला. एका स्त्रीसाठी वेगळी व्यवस्था करता येणार नाही, या कारणास्तव तो फेटाळला गेला. जेक्स-ब्लेक यांनी त्या नकारातील शब्दच धरला. एकीसाठी होत नसेल तर अनेकींसाठी होईल, असे म्हणून त्यांनी सोबतिणी शोधायला सुरुवात केली. तेव्हा पत्र लिहून पुढे आलेल्यांत एडिथ पीची होत्या. आपल्याला या विषयांचे पक्के ज्ञान नाही, बुद्धी मध्यम आहे, चिकाटी मात्र बरीच आहे. एवढ्यावर भागेल का, अशी त्यांची विचारणा होती. पुढे जे घडले ते पाहता, बुद्धीच्या बाबतीत त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज चुकीचा ठरला. चिकाटीच्या बाबतीत बरोबर होता.

ऑक्टोबर १८६९ मध्ये प्रवेशपरीक्षा झाली. १५२ उमेदवारांत स्त्रिया पाच. निकाल लागला तेव्हा पहिल्या सातांत चार स्त्रिया होत्या. विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला, पण अटी घातल्या. त्यांचे वर्ग पुरुषांपासून वेगळे भरायचे. प्राध्यापकांनी त्यांना शिकवावे किंवा न शिकवावे, ही त्यांची मर्जी. वर्ग लहान म्हणून शुल्क मात्र जास्त. काही दिवसांत आणखी दोघी येऊन मिळाल्या आणि सात जणींचा हा गट इतिहासात एडिनबरोच्या सात म्हणून ओळखला जाऊ लागला. वेगळ्या वर्गाची अट या स्त्रियांना जाचक वाटली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. त्यांचे मागणे एकच होते : ज्ञान तेच असावे आणि माप तेच असावे.

मापाचा प्रश्न १८७० च्या मार्चमध्ये आला. रसायनशास्त्राच्या परीक्षेत सगळ्या वर्गात एडिथ तिसऱ्या आल्या. वरचे दोघे विद्यार्थी हा विषय दुसऱ्यांदा देत होते. पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्यांत एडिथ अव्वल ठरल्या. अशा पहिल्या चौघांना विद्यापीठाची होप शिष्यवृत्ती मिळत असे. तिच्याबरोबर प्रयोगशाळा विनामूल्य वापरण्याची सवलतही होती. नियमाप्रमाणे ही शिष्यवृत्ती एडिथ यांची होती. प्राध्यापक क्रम ब्राऊन यांनी ती त्यांच्याखालच्या विद्यार्थ्यांना दिली. कारण असे सांगितले की स्त्रिया वेगळ्या वेळी शिकल्या, म्हणून त्या विद्यापीठाच्या वर्गाचा भाग नव्हत्या.

वाचकहो, येथे जरा थांबू या. वेगळ्या वेळी बसण्याची अट विद्यापीठानेच घातली होती आणि आता त्याच अटीचे निमित्त करून हक्क काढून घेतला गेला. आणखी एक विसंगती पाहा. त्याच प्राध्यापकांनी वर्गातील गुणवंतांना दिले जाणारे कांस्यपदक एडिथ यांना दिले. पदकापुरत्या त्या वर्गात होत्या, पैशापुरत्या नव्हत्या! आणि ही शिष्यवृत्ती सुरू झाली होती कशी? प्राध्यापक होप यांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एडिनबरोच्या स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्याने दिली होती. त्या व्याख्यानांना स्त्रियांनी भरलेल्या पैशातून हा निधी उभा राहिला होता. स्त्रियांच्या पैशाची शिष्यवृत्ती एका स्त्रीने कमावली आणि स्त्री म्हणून तिला ती नाकारली गेली.

प्रकरण विद्यापीठाच्या सिनेटपुढे गेले. सिनेटने एका मताच्या आधिक्याने ठरवले की या स्त्रियांना इतरांसारखीच वर्गाची प्रमाणपत्रे मिळावीत. आणि एकाच मताच्या आधिक्याने असेही ठरवले की शिष्यवृत्ती मिळू नये. वजनात खोट करू नये, हे आम्ही मिंबरवरून व्यापाऱ्यांना सांगतो. परीक्षेचे गुण हेही वजनच आहे आणि ते धरणारा हात विद्वानाचा असला तरी थरथरू शकतो, याचे हे उदाहरण आहे. एवढे मात्र झाले की ज्यांनी तोवर या मुलींकडे लक्ष दिले नव्हते, अशा ब्रिटनभरच्या वर्तमानपत्रांनी या अन्यायाची दखल घेतली. जी गोष्ट दाबायची होती ती चर्चेत आली.

चर्चा वाढली तसा विरोधही वाढला. सर रॉबर्ट ख्रिस्टिसन हे वजनदार प्राध्यापक त्याच्या अग्रभागी होते. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनेची परीक्षा सर्जन्स हॉल या इमारतीत होती. सातही जणी तेथे पोचल्या तेव्हा रस्ता अडवून मोठा जमाव उभा होता. त्यांच्यावर चिखल फेकला गेला, शिव्या दिल्या गेल्या, फाटक तोंडावर बंद करण्यात आले. आतून एका सहानुभूतीच्या विद्यार्थ्याने ते उघडले आणि चिखलाने भरलेल्या कपड्यांनिशी त्या परीक्षेला बसल्या. परीक्षा चालू असताना कोणी तरी संस्थेने पाळलेली मेंढी दालनात ढकलली. परीक्षकांनी तिला राहू दिले. बाहेरच्यांपेक्षा तिला अक्कल अधिक आहे, असे त्यांचे मत पडले. त्या दिवसानंतर काही विद्यार्थी स्वतःहून या स्त्रियांना घरापासून वर्गापर्यंत सोबत करू लागले. ज्या वयाच्या तरुणांनी चिखल फेकला त्याच वयाचे हेही होते, हे विसरू नये.

शेवटी निर्णय न्यायालयात झाला. १८७२ साली एका न्यायाधीशाने स्त्रियांच्या बाजूने कौल दिला, पण १८७३ साली वरच्या न्यायालयाने तो फिरवला. विद्यापीठाला पदवी नाकारण्याचा अधिकार आहे, इतकेच नव्हे तर मुळात त्यांना प्रवेश देण्याचाच अधिकार नव्हता, असे ठरले. चार वर्षांचे परिश्रम, शुल्क, परीक्षा, सगळे वाया गेले. जुलै २०१९ मध्ये एडिनबरो विद्यापीठाने या सातही जणींना मरणोत्तर पदवी दिली आणि तेव्हा तेथे शिकणाऱ्या मुलींनी त्यांच्या वतीने ती स्वीकारली. दीडशे वर्षे हा हिशेब थकलेला होता.

एडिथ यांनी मधल्या काळात बर्मिंगहॅमच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम केले. १८७६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून वैद्यकीय संस्थांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा दिली. सक्ती नव्हती, मुभा होती; तिचा उपयोग आधी केला तो आयर्लंडमधील डब्लिनच्या वैद्यक महाविद्यालयाने. एडिथ तोवर स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे गेल्या होत्या. जर्मन भाषा शिकून, जर्मनमधून परीक्षा देऊन जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी तेथे एम.डी. मिळवली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात डब्लिनचा परवाना. मध्यम बुद्धीची ही बाई एकतिसाव्या वर्षी डॉक्टर झाली. त्यानंतर सुमारे सहा वर्षे त्यांनी उत्तर इंग्लंडमधील लीड्स शहरात व्यवसाय केला. तेथे त्यांचा जम चांगला बसला होता.

आता मुंबईकडे वळू. १८८० च्या सुमारास या शहरात सरकारी रुग्णालये होती, नामांकित डॉक्टर होते, ग्रँट मेडिकल कॉलेज होते. पण घरातील स्त्री आजारी पडली तर, विशेषतः आजार बाळंतपणाचा किंवा गर्भाशयाचा असला तर, या साऱ्याचा तिला फारसा उपयोग नव्हता. परपुरुष डॉक्टरासमोर जाणे तिला आणि घरच्यांना मंजूर नसे. ही स्थिती मुसलमान घरांपुरती नव्हती. हिंदू घरांतही तेच होते. सुईण जेवढे करील तेवढे. फार तर एखादा हकीम किंवा वैद्य पडद्याबाहेर बसून, मधल्या माणसाकडून लक्षणे ऐकून औषध देई. या पडद्याआड किती माता गेल्या, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

ख्रिस्ती मिशनच्या काही स्त्रिया जनान्यात जाऊन औषधे देत, पण औषधाबरोबर धर्मप्रचारही येत असे, म्हणून अनेक घरांची दारे त्यांना बंद होती. जॉर्ज किट्रेज हे मुंबईत व्यापार करणारे अमेरिकन गृहस्थ आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी समाजसेवक, या दोघांनी १८८२-८३ मध्ये निराळा विचार केला. धर्मप्रचाराशी संबंध नसलेला निधी उभारायचा, इंग्लंडहून शिकलेल्या स्त्री डॉक्टर आणायच्या, त्यांच्या ताब्यात राहील असे रुग्णालय बांधायचे आणि येथल्या मुलींना ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवून द्यायचा. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांचा सुप्रसिद्ध निधी १८८५ चा. मुंबईचा हा प्रयत्न त्याच्या दोन वर्षे आधीचा आणि लोकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी लाखावर रुपये दिले. दवाखाना निघाला तो जाफर सुलेमान यांच्या नावाने. नावावरून तुम्ही ओळखलेच असेल. तो दवाखाना स्त्रिया आणि मुलांसाठी होता.

डॉक्टर म्हणून कोणाला आणावे, हे किट्रेज यांनी एलिझाबेथ गॅरेट-अँडरसन यांना विचारले. त्यांनी एडिथ पीची यांचे नाव सुचवले. लीड्समधील स्थिरस्थावर झालेला व्यवसाय सोडून १२ डिसेंबर १८८३ रोजी त्या मुंबईच्या बंदरात उतरल्या. कामा रुग्णालयाची पायाभरणी नुकतीच झाली होती. इमारत उभी राहायला अडीच वर्षे होती. तोवर त्यांचे कार्यक्षेत्र म्हणजे जाफर सुलेमान दवाखाना. रुग्णाशी मधल्या माणसावाचून बोलता यावे, म्हणून त्यांनी लगोलग इथली बोली शिकून घेतली. पडद्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या एका गोष्टीत होते. तपासणारी स्त्री आहे, तिला आपले बोलणे कळते आणि ती धर्म बदलायला सांगत नाही, एवढे समजल्यावर बुरख्यातल्या आणि पदरातल्या बायका दवाखान्याची पायरी चढू लागल्या.

आपल्या फुकहांनी या बाबतीत जो क्रम सांगितला आहे तो सर्वांना माहीत असायला हवा. स्त्रीचा इलाज स्त्रीने करावा. अशी वैद्य उपलब्ध नसेल आणि गरज असेल, तर पुरुषाने गरजेपुरते पाहावे. पण हा क्रम पाळायचा तर पहिल्या पायरीवर कोणी तरी उभी असायला हवी ना? इमाम गज़ाली (रह.) यांनी वैद्यकाची गणना फर्ज़-ए-किफायामध्ये केली आहे, म्हणजे समाजातील काहींनी ते शिकलेच पाहिजे, नाही तर सगळेच जबाबदार. आपल्या काळातील विद्यार्थी एकाच विद्येकडे गर्दी करतात आणि गावेच्या गावे मुस्लिम वैद्यावाचून राहतात, अशी खंतही त्यांनी व्यक्त केली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात खंदकच्या लढाईत हज़रत सअद बिन मुआज़ (रज़ि.) जखमी झाले, तेव्हा त्यांना मस्जिद-ए-नबवीत हज़रत रुफैदा असलमिया (रज़ि.) यांच्या तंबूत ठेवण्यात आले होते. जखमींची शुश्रूषा हे त्या बाईंचे ठरलेले काम होते. मस्जिदीच्या आवारात एका स्त्रीचा दवाखाना, हे दृश्य आपल्या परंपरेत आहे.

माझ्याकडे मसले विचारायला येणाऱ्यांत दोन प्रश्न वारंवार असतात. एक, बायकोला पुरुष डॉक्टराला दाखवावे लागले तर चालेल का? दुसरा, मुलीला बारावीत चांगले गुण पडले आहेत, पण मेडिकल कॉलेज परगावी आहे, पाठवावी का? पुष्कळदा पहिला प्रश्न विचारणारा आणि दुसरा विचारणारा माणूस एकच असतो. हे दोन प्रश्न एकमेकांची उत्तरे आहेत, हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. असो.

१८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले आणि डॉ. पीची त्याच्या ज्येष्ठ वैद्यकीय अधिकारी झाल्या. त्यांनी तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू केले, कारण डॉक्टर स्त्री आणि खाटेपाशी अडाणी दाई, असे चालणार नव्हते. समान कामाला समान वेतन, हा त्यांचा आग्रह होता. स्त्री डॉक्टर म्हणजे स्वस्तातली डॉक्टर, ही समजूत एकदा रुजली तर पुढच्या पिढीतील मुलींना ती भोवेल, हे त्या जाणून होत्या. होप शिष्यवृत्ती गमावलेल्या बाईला मापाची किंमत शिकवावी लागत नव्हती. १८८८ साली मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर त्यांची निवड झाली. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. ज्या विद्येने एडिनबरोत त्यांना दाराबाहेर काढले, त्या विद्येच्या मुंबईतील दरबारात त्या सभासद म्हणून बसल्या.

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी झालेले लग्न मान्य नाही म्हणून त्यांनी सासरी जायला नकार दिला होता आणि न्यायालयाने आज्ञा केली तरी तुरुंग पत्करू, असे त्या म्हणत होत्या. समेट झाल्यावर १८८९ साली रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या. त्यांना त्या मार्गाला लावणाऱ्यांत आणि बळ देणाऱ्यांत डॉ. पीची होत्या. रखमाबाईंनी पुढे सुरत आणि राजकोट येथे अनेक वर्षे डॉक्टर म्हणून सेवा केली. १८९० साली डॉ. पीची यांनी बालविवाहाविरुद्ध मुंबईच्या हिंदू समाजाला उद्देशून भाषण केले. अल्पवयात मातृत्व आलेल्या मुलींच्या शरीराची दशा त्या रोज पाहत होत्या, त्यामुळे त्यांचे बोलणे डॉक्टरचे होते. भाषण हिंदूंना उद्देशून होते. पण त्या काळी मुसलमान मोहल्ल्यांतील चित्र फार वेगळे होते, असे समजून आपण समाधान मानू नये.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन यांच्याशी विवाह केला आणि तेव्हापासून त्या पीची-फिप्सन हे नाव लावू लागल्या. फिप्सन यांचा व्यापार मद्याचा होता. हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही आणि त्यावर अधिक बोलण्याचीही गरज नाही. ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे सचिव होते आणि स्त्रियांच्या वैद्यकीय निधीच्या कामातही त्यांचा वाटा होता. पतिपत्नींनी मिळून नाशिकजवळ स्त्रिया आणि मुलांसाठी आरोग्यधाम उभारले. मुंबईच्या कोंदट खोलीत आजारातून उठलेल्या बाईला मोकळी हवा मिळावी, हा त्यामागचा हेतू. कित्येक एकर जागेत छोट्या छोट्या बंगल्या होत्या. १९६४ पर्यंत ते चालू होते.

मधुमेहाने त्यांना ग्रासले आणि १८९४ च्या सुमारास रुग्णालयाचे काम सोडावे लागले. खासगी रुग्ण त्या पाहत राहिल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्या पुन्हा सार्वजनिक कामात उतरल्या. सरकारने साथीच्या नावाखाली घरझडत्या घेतल्या, संशयितांना बळजबरीने रुग्णालयात नेले, स्त्रियांची तपासणीही परक्या पुरुषांकडून होऊ लागली. लोकांचा संताप किती होता, हे मार्च १८९८ च्या दंग्यावरून दिसते. मदनपुऱ्याच्या विणकर मुसलमान वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून तो पेटला आणि त्यात माणसे मेली. डॉ. पीची-फिप्सन यांनी साथ हाताळण्याच्या सरकारी पद्धतीवर टीका केली आणि नंतर आलेल्या पटकीच्या साथीत त्या टीकेचा परिणाम दिसला. तेरा वर्षांपूर्वी जाफर सुलेमान दवाखान्यात त्यांना जे कळले होते, ते सरकारला दंगा झाल्यावर कळू लागले : ज्या घरात विश्वास शिरत नाही, तेथे औषधही शिरत नाही.

१९०५ साली हे दांपत्य इंग्लंडला परतले. तेथे स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ जोरात होती. १९०६ साली कोपनहेगन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी लीड्सच्या स्त्रियांचे प्रतिनिधित्व केले. फेब्रुवारी १९०७ मध्ये लंडनच्या रस्त्यांतून पावसात, चिखल तुडवत निघालेल्या स्त्रियांच्या मोर्च्यात त्या पुढच्या रांगेत होत्या. तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते आणि प्रकृती ढासळली होती.

लवकरच स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. त्यांच्यावर इलाज करणाऱ्या सर्जनचे नाव डॉ. मे थॉर्न. मे यांच्या आई इझाबेल थॉर्न या एडिनबरोच्या सात जणींपैकी एक. सर्जन्स हॉलच्या फाटकाशी एडिथ यांच्यासोबत चिखल झेललेल्या. इझाबेल यांना स्वतःला डॉक्टर होता आले नाही. त्यांनी लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयाचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळला आणि मुलगी सर्जन झाली. १४ एप्रिल १९०८ रोजी फोकस्टन येथील राहत्या घरी डॉ. एडिथ पीची-फिप्सन यांचे निधन झाले. फिप्सन यांनी त्यांच्या नावाने लंडनच्या त्याच विद्यालयात विद्यार्थिनींसाठी शिष्यवृत्ती ठेवली. १९४८ पर्यंत ती दिली जात होती.